ऊन हवेचा सिलिंडर

१

तंजावुरात समुद्र नाही, तरी पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाला तिथे कामाची ददात पडत नाही. विहिरीत सुटून पडलेले पंप, कालव्याच्या दारांत अडकलेली झाडं, उत्सवात देवळाच्या तळ्यात गडप झालेली भांडी, आणि कधी कधी माणसंही. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत कुठे असं काही झालं, की लोक श्रीहर्षला फोन करत. तुतिकोरिनच्या बंदरात जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. लग्न झाल्यावर तो गावी परतला, राजवाड्यामागच्या मराठी वस्तीतल्या गल्लीत आपल्या घराला लागून त्याने एक पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर बसवला.

पाण्यात उतरायचा तो. वरचं सगळं विनुताकडे. ती यंत्रांचा डिप्लोमा झालेली. लग्नात सासरच्या बायका तिला दागिन्यांविषयी विचारत होत्या, आणि ती नवऱ्याला विचारत होती, की पाठीवरचे हवेचे सिलिंडर तुम्ही आतून कधी तपासून घेता. श्रीहर्ष ही गोष्ट येईल त्याला सांगे.

काम करून आला, की सिलिंडर गोड्या पाण्याने धुवायचा. बुडाचा रबरी बूट काढायचा, कारण त्यात पाणी दडून बसतं आणि पोलाद खातं. पुसून, वाळवून, व्हॉल्व्हची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, बदलायची की नाही ते बघून तो उभा ठेवायचा. आणि पूर्ण रिकामा कधी करायचा नाही. आत थोडी हवा दाबून धरलेली असली, की बाहेरची ओली हवा आत शिरत नाही. हे सगळं विनुता भात शिजवावा तितक्या सहज करी. ॲल्युमिनियमचे सिलिंडर तिला आवडत नसत. हवा संपत आली की ते तरंगायला बघतात, खालच्या माणसाला धड काम करू देत नाहीत. पोलादाचा शेवटपर्यंत माणसाला खाली धरून ठेवतो.

म्हणून नागपट्टिणमला एक जुनी बुडीत-जहाज काढणारी कंपनी मोडीत निघाली आहे असं कळलं, तेव्हा ती स्वतः श्रीहर्षबरोबर गेली. गोदामात पोलादाचे दोनच सिलिंडर बरे होते. खांद्यावर कोरलेले चाचणीचे शिक्के तिने बोटाने पुसून वाचले. दोन्ही आडवे टांगून लाकडी हातोड्याने ठोकले. आत गंज असला तर आवाज लगेच मरतो. हे दोघे देवळातल्या घंटेसारखे वाजले, आणि वाजत राहिले.

"किती वर्षं पडलेत?" तिने राखणदाराला विचारलं.

"मी आलो तेव्हापासून असेच आहेत, अम्मा. तोंडं उघडी."

व्हॉल्व्ह खरंच उघडे होते. वाटेत धूळ नको म्हणून तिने ते हाताने बंद केले, आणि सिलिंडर व्हॅनमध्ये आडवे निजवले.

घरी आल्यावर धुवायच्या आधी तिने पहिला व्हॉल्व्ह उघडला. काही नाही. रिकामा सिलिंडर तो, असणार काय? दुसरा उघडला, आणि त्यातून हवा आली.

जोरात नाही. लांब, सावकाश आली. विनुताने सवयीने तळहात समोर धरला, आणि तो तसाच राहिला.

दाबलेली हवा मोकळी झाली की गार होते. हवा भरणाऱ्या कुणालाही विचारा, व्हॉल्व्ह मोठा उघडला तर त्यावर दव धरतं, बोटं बधिर होतात. ही हवा ऊन होती, जराशी ओली, कुणी जवळ येऊन हातावर श्वास सोडावा तशी.

२

"दिवसभर उन्हात व्हॅनमध्ये होता तो," श्रीहर्ष काप्पी पिता पिता म्हणाला. "तापून हवा फुगली. तूच मला शिकवतेस ना हें?"

खरंच होतं. विनुताने ते मान्य केलं. बंद केलेल्या व्हॉल्व्हच्या आत थोडी हवा राहिली, तापली, सुटली. एवढी लांब का सुटली, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्हींचे व्हॉल्व्ह पिळून काढले आणि तारेला टांगलेला बारीक दिवा आत सोडला. पहिल्यात वर्षांची खूण होती, गंजाची पुसट तपकिरी साय, घासून निघण्यासारखी. दुसरा आतून लख्ख होता. कल्हई केलेल्या भांड्यासारखा. ती बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली. समुद्राकाठी, तोंड उघडं, इतकी वर्षं, आणि गंजाचा ठिपका नाही. चांगला माल मिळाला म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो होईना.

तिने दोन्ही तिरुच्चीला पाण्याच्या दाबाच्या चाचणीला पाठवले. दोन्ही पास झाले. तिथल्या माणसाने फोनवर त्या दुसऱ्याचं कौतुकच केलं.

परत आल्यावर पहिला तिने पुरा भरला. दुसऱ्यात नेहमीप्रमाणे थोडी हवा घालून ठेवली, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा तळाशी जेमतेम हलेल इतकी. दुसऱ्या दुपारी फडकं मारताना नजर गेली, तर काटा वर सरकलेला.

गेज बिघडला असेल. तिने दुसरा लावला. त्यानेही तेच दाखवलं. हवा सोडली, काटा खाली आणला, हात धुऊन स्वयंपाकघरात गेली. रस्सम् उकळेपर्यंत तिचं लक्ष शेडीच्या दाराकडेच होतं. दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा वर, कालच्याहून जास्त. आत जाणारी नळी नाही, कॉम्प्रेसर बंद. हवा येणार कुठून?

सोडताना प्रत्येक वेळी ती ऊन लागे.

३

सीतारामराव, तिचे सासरे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची खोली शेडीला लागून. जेवण झालं की ते कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवत आणि आडवे होत. यंत्राशिवाय त्यांना दाराची बेल ऐकू येत नसे.

एका दुपारी ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "विनुता, श्रीहर्ष हल्लीं शेडींत निजतो काय?"

"नाहीं अप्पा. ते पापनाशमला गेलेत. कां?" विनुताने मान हलवत हाताने बाहेर दाखवलं.

"मग कोण निजलंय तिकडे?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "घोरणें नाहीं. नुसता श्वास. मला वाटलें तोच."

त्यांचे कान मोकळे होते, यंत्र उशाशीच राहिलं होतं. विनुताने ते आणून दिलं. त्यांनी घातलं, ऐकलं, आणि मान हलवली. "आतां नाहीं येत," म्हणाले. "हें काढल्यावरच येतें. भिंतींतून."

त्यांना परत निजवून ती शेडीत गेली. पत्रा तापून टिकटिकत होता. सिलिंडर रांगेत उभे होते. तिला आपलंच हसू आलं, आणि हसत हसतच तिने त्या दुसऱ्या सिलिंडरच्या पोटाला कान लावला.

आत कुणी तरी श्वास घेत होतं.

ती मागे झाली. मग विचार केला. कान पोलादाला दाबला की आपल्याच रक्ताचा आवाज येतो, शंखात येतो तसा. आपलाच श्वास. पडताळा सोपा होता. तिने पुन्हा कान लावला आणि दम कोंडला. आतला आवाजही थांबला.

सुटल्यासारखं वाटून तिने श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. आत शांत. ती कान काढणार, एवढ्यात आतून एक लांब उच्छ्वास आला, दम धरून बसलेल्या माणसाचा.

तिला पळायचं होतं. पण ती तिथेच राहिली, कारण पुढचा श्वास सुरू झाला आणि तो तिला ओळखीचा वाटला. आधी अर्धा आत. एक बारीक थांबा. मग उरलेला अर्धा. मग लांब सोडणं. कित्येक विहिरींच्या, तळ्यांच्या काठावर दोरी धरून तिने हाच श्वास पाण्यावर फुटताना बघितला होता. दुसऱ्या कुणाचे बुडबुडे असे येत नाहीत. तुतिकोरिनला इतर पाणबुडे श्रीहर्षला त्यावरून चिडवत.

शेडीबाहेर व्हॅन थांबली. दार उघडून श्रीहर्ष आला, खांद्यावर ओला टॉवेल, आणि तिला सिलिंडरला मिठी मारून बसलेली बघून दारातच उभा राहिला.

४

तिने त्याला कान लावायला लावला. त्याने निमूट लावला. तिच्या चेहऱ्याकडे बघून थट्टा गिळली आणि बराच वेळ ऐकलं.

"कांहीं नाहीं, विनू."

"नीट ऐका."

"ऐकतों आहें. तुझाच श्वास ऐकलास तू." त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. "ताप नाहीं ना?"

"तुमचा होता."

"माझा काय?"

तिला ते पुन्हा म्हणवेना. म्हटलं असतं तर खरं झालं असतं, असं काहीसं तिला वाटलं, आणि डिप्लोमा झालेल्या बाईने असं वाटून घ्यावं याचीही लाज वाटली. "मला हा घरांत नको," एवढंच ती म्हणाली.

"सरी. नको तर नको. कुंभकोणमचा एकजण विचारत होता. विकूं त्याला. पण आधीं पोटभर जेवूं, चल."

त्याने इतकं सहज मानलं, की तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तो नसताना तिने सिलिंडर मागच्या अंगणात नेला, नारळाला बांधला, आणि व्हॉल्व्ह पुरा उघडला. जाऊ दे सगळी हवा. रिकामाच विकू. हवा निघाली, ऊन, संथ, आणि निघतच राहिली. धुणं झालं. कपडे वाळले. अंगणातली सावली भिंतीवर चढली, तरी हवा यायची थांबेना. नारळाच्या बुंध्यावर व्हॉल्व्हसमोरची साल ओली होऊन काळी पडली. तिने गेज लावून बघितला. काटा हलला नव्हता.

मग ती अंगणात गेली नाही. संध्याकाळी सीतारामरावांनीच जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. आत येऊन पंच्याने हात पुसत पुसत ते म्हणाले, "बरें झालें बंद केला. दमला होता."

"कोण, अप्पा?"

आपण काय बोललो, ते त्यांनाही कळलेलं दिसेना.

५

इथला खरा पाऊस कार्तिकात. त्या वर्षी तो थांबलाच नाही. पापनाशमपलीकडे एका खेड्याचं तळं काठोकाठ भरलं, आणि बांधातलं पाणी सोडायचं लोखंडी दार उघडेना. खाली भाताची रोपं पाण्यात, त्याखाली वस्ती, आणि बांधाला भेग गेलेली. श्रीहर्षला फोन आला तेव्हा त्याने दुसरा घास घेतला नाही.

व्हॅन मुरली चालवायचा, श्रीहर्षचा शाळेपासूनचा मित्र. तळ्यावर पोचल्यावर लोकांनी त्यांना अक्षरशः उचलून बांधावर नेलं. सरकारी इंजिनिअर छत्री मिटून उभा होता, तसाच भिजत. "दाराखाली ओंडका आहे," तो म्हणाला. "तेवढा काढा. तेवढाच."

विनुताने घाईत आणलेला एकच चांगला सिलिंडर उभा करून तोंडात धरायच्या नळीचा रेग्युलेटर लावला आणि व्हॉल्व्ह उघडला. फाडकन आवाज झाला. ओ-रिंग फुटली होती, कालच तिने घातलेली, नवी. व्हॉल्व्ह पिळून बंद करेपर्यंत बरीच हवा उडून गेली. उरलेल्या हवेवर कुणाला उतरवता येणार नव्हतं, आणि कॉम्प्रेसर तंजावुरात.

"मागें अजून एक आहे ना," मुरली म्हणाला. "कुंभकोणमला द्यायचा तो. येतां येतां देऊं म्हणून मी टाकलाय."

विनुता काही बोलायच्या आत त्याने तो आणला. श्रीहर्षने नवी ओ-रिंग घालून गेज लावला. काटा पार वर होता. पुरा भरलेला.

"तू भरलास?" त्याने तिला विचारलं.

"नाहीं. कुणीं भरला नाहीं." तिने त्याचं मनगट धरलं. "तुम्ही ह्यानें उतरणार नाहीं."

"तपासलास तूच. चाचणी झालीये."

"श्रीहर्ष." ती त्याला नावाने कधी हाक मारत नसे. मुरलीने मान दुसरीकडे केली. "भरला कुणीं तें माहीत नाहीं. आंत काय आहे माहीत नाहीं. तुम्हीच म्हणतां ना, माहीत नसलेली हवा घ्यायची नाहीं?"

तो घुटमळला. ती बघत होती, तो खरंच घुटमळला. तेवढ्यात बांधाची एक ढेप सुटून खाली पडली, बायका ओरडल्या, आणि वस्तीतल्या एका म्हातारीला चौघांनी खाटेवरून उचलून बाहेर काढलं. श्रीहर्षने तोंडात नळी धरून एक श्वास घेतला. हुंगला, जिभेवर घोळवला, सोडला. पुन्हा घेतला.

"वास नाहीं. हवा चांगली आहे," तो म्हणाला. "ऊन आहे ग. पाण्यांत थंडी वाजणार नाहीं." तिच्या ओल्या गालावर त्याने उलटा हात फिरवला. "एकदांच खालीं जातों आणि येतों."

तिच्याजवळ एकच कारण होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. तिने त्याच्या कमरेचा पट्टा आवळला, दोरीचा हूक लावला, हूक बंद झाला की नाही ते दोनदा बघितलं. याहून काही तिच्या हातात नव्हतं.

६

पाणी चहासारखं गढूळ. तो उतरला आणि दिसेनासा झाला. मग बुडबुडे आले. अर्धा, थांबा, अर्धा, लांब. तिने दोरी हातात घेतली. एक ओढ म्हणजे ठीक. सारखी ओढ म्हणजे वर घ्या.

तिने ओढली. खालून एक ओढ आली. ठीक.

काम चालू होतं. दोरी दाराकडे सरकली, सैल झाली, ताणली. ओंडक्याच्या साली वर आल्या. इंजिनिअर तिच्याशी काहीबाही बोलत होता, तिला ऐकू येत नव्हतं. ती मनात त्याची हवा मोजत होती. असं काम करताना माणूस जास्त हवा खातो, आता अर्धी झाली असेल, आता वर यायची वेळ झाली. तिने ओढली. एक ओढ. ठीक.

मग बांधाखालून गडगडाट झाला. दार उघडलं होतं. पाणी धडधडत कालव्यात पडू लागलं, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, कुणीतरी मुरलीला खांद्यावर घेतलं.

विनुताने वर यायची खूण केली. सारखी ओढली. खालून एक ओढ आली.

पुन्हा केली. एक ओढ.

"काय म्हणतो?" मुरली धावत आला.

"ठीक म्हणतात."

"मग येत कां नाहीं?"

बुडबुडे दारापासून दूर, तळ्याच्या मध्याकडे येत होते. शांत, एका लयीत. घाबरलेल्या माणसाचे बुडबुडे असे नसतात. सिलिंडर केव्हाच संपायला हवा होता. ती तो विचार करायचा नाही असं ठरवून दोरी ओढत राहिली, आणि दर वेळी खालून तेच उत्तर येत राहिलं. तोच हिसका, तेवढाच. निजलेला माणूस हाकेला हुं म्हणतो तसा.

शेवटी मुरलीने आणि गावकऱ्यांनी मिळून दोरी खेचली. आधी ती ताठ झाली, जड, माणसाएवढी जड. मग एकाएकी हलकी होऊन सरसर वर आली. टोकाला हूक होता, बंद. हुकात पट्टा होता. विनुताने आवळला होता तसा, बक्कल लावलेला, श्रीहर्षच्या कमरेएवढा गोल. आत कुणी नव्हतं.

मध्यावर बुडबुडे येतच होते.

अग्निशमनचे लोक आले. त्यांचे दोघे त्याच जागी उतरले. वर येऊन त्यांतला एक बांधावर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून म्हणाला, की बुडबुडे आमच्या हातांमधून वर जात होते, खाली चिखलाशिवाय काही नाही. पुन्हा उतरायला तो तयार होईना. विनुता स्वतः पाण्याकडे गेली, मुरलीने तिला कमरेला धरून मागे खेचलं. ती ओरडत नव्हती. बुडबुड्यांकडे बघून त्यांच्या लयीत श्वास घेत होती. जणू तिचा चुकला तर त्याचाही चुकेल.

अंधारायला लागलं तसे ते दिसेनासे झाले. थांबले की दिसेनासे झाले, ते तिला कधीच कळलं नाही.

७

उघडलेल्या दारातून तळं हळूहळू रिकामं झालं. चिखल उघडा पडला. माणूस वाहून कालव्यात गेला असं सगळे म्हणाले, आणि कालवा पार खालपर्यंत शोधला. श्रीहर्ष मिळाला नाही. तळ्याच्या मध्यावर चिखलात सिलिंडर मिळाला, विनुता ठेवायची तसा सरळ उभा. रेग्युलेटर काढलेला. व्हॉल्व्ह बंद.

चौकशी संपेपर्यंत तो कुठे ठेवायचा हा पोलिसांपुढे प्रश्न होता. भरलेला सिलिंडर ठाण्यात नको, म्हणून त्यांनी त्याच्या तोंडाला कापड गुंडाळून लाखेचा शिक्का मारला आणि तिच्याच शेडीत आणून ठेवला. हात लावू नका म्हणून बजावलं.

विनुताने हात लावला नाही. शेडीत चटई टाकली आणि पोलादाला कान लावून बसली. अर्धा. थांबा. अर्धा. लांब.

सीतारामराव दुपारी यंत्र काढून येत आणि पलीकडच्या बाजूला खुर्ची घेऊन बसत. मुलाविषयी दोघं बोलत नसत. कधी ते म्हणत, "आज जरा बरा आहे." कधी ती म्हणे, "निजलेत." तिला भीती वाटायची थांबली नव्हती. इतकंच, की त्या भीतीवाचून आता तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

मग इन्स्पेक्टर आले, आणि त्यांच्याबरोबर एका खासगी प्रयोगशाळेचा माणूस, हातात पेटी. हवेत दोष होता का, आतून सिलिंडर कसा आहे, ते पाहायचं होतं.

"उघडणार?" विनुताने विचारलं.

"नमुना घेऊ. मग रिकामा करून व्हॉल्व्ह काढू." प्रयोगशाळेचा माणूस सभ्य होता. "तुम्हाला माहीतच आहे, अम्मा. भरलेल्याचा व्हॉल्व्ह काढता येत नाही."

"नमुना घ्या. रिकामा करूं नका."

"का?"

ती इन्स्पेक्टरांकडे वळली. तमिळमध्ये, मोजक्या शब्दांत सांगायचा तिने प्रयत्न केला. आत हवा नाही, श्वास आहे. संपला तर संपेल. इन्स्पेक्टरांनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांत खरंच दया होती, आणि त्या दयेमुळेच तिला कळलं, की आता काही उपयोग नाही. त्यांनी बरोबरच्या महिला पोलिसाला खूण केली. तिने विनुताचे दोन्ही खांदे हळूच धरले.

व्हॉल्व्ह उघडला. या वेळी हवा संपणारी होती. काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला.

"कमाल आहे," प्रयोगशाळेचा माणूस बोटं व्हॉल्व्हपुढे धरून म्हणाला. "गरम येतेय."

सीतारामराव खुर्चीतून उठले. यंत्र त्यांच्या कानात नव्हतं. "थांबवा," ते मराठीत म्हणाले. मग तमिळमध्ये म्हणाले. मग, वर्गात म्हणत असतील तशा आवाजात, "बंद कर तें!" त्या माणसाने दचकून व्हॉल्व्हला हात घातला, इन्स्पेक्टरांकडे बघितलं. इन्स्पेक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

हवा तुटक यायला लागली. अर्धा. थांबा. विनुता उरलेल्या अर्ध्याची वाट बघत राहिली.

काटा तळाशी टेकला. त्या माणसाने पाना लावून व्हॉल्व्ह पिळला, तोंडातून तारेचा दिवा आत सोडला आणि डोळा लावला. "स्वच्छ आहे. गंज नाही. वाफ धरलीये फक्त." तो सरळ झाला, पेटीतलं काही शोधायला वाकला. महिला पोलिसाचा हात तेवढ्यात सैल झाला, आणि विनुताने जाऊन तोंडाशी डोळा लावला.

आतली भिंत वाफेने पांढरी झाली होती. त्या वाफेत एक पंजा उमटला होता. पाची बोटं फाकलेली, तळवा दाबून धरलेला. सिलिंडरच्या तोंडातून दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. करंगळीकडून वाफ सुकत चालली होती, आणि सुकलेल्या जागी नुसतं पोलाद चमकत होतं.

तिने डोळा काढून तिथे तोंड लावलं आणि छातीतली सगळी हवा आत फुंकली. मग बघितलं. पंजा होता, की तिच्या श्वासाची नवी वाफ, ते कळेना. बघता बघता तेही सुकायला लागलं. तिने पुन्हा फुंकलं. फुंकताना दिसत नव्हतं, आणि बघत बसलं तर ते जात होतं.

"अम्मा, पुरे," इन्स्पेक्टर म्हणाले. कुणी तरी तिचा दंड धरला.

सीतारामराव मध्ये आले. त्यांनी तो हात बाजूला केला, दिव्याची तार वर धरली आणि सुनेशेजारी जमिनीवर बसले.

"बघूं नको," ते म्हणाले. "फुंक, पोरी."

ती फुंकत राहिली.